दहाव्याचे व्यासपीठ आता उतरवावे: नदीकाठच्या ग्रामसभांना आणि लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
भीमा, घोड, कुकडी, मीना आणि प्रवरा या नद्यांच्या काठच्या गावांचे सरपंच, ग्रामसभांचे सर्व सभासद आणि या भागाचे लोकप्रतिनिधी यांस,

सादर नमस्कार.

पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या या पट्ट्यात दशक्रिया विधीला, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या दहाव्याला, गेल्या काही दशकांत जे रूप आले आहे, त्याविषयी हे पत्र आहे. माझी मागणी आधीच सांगून टाकतो. दहाव्याला होणारी श्रद्धांजलीची भाषणे बंद करावीत, त्यासाठी मांडले जाणारे व्यासपीठ उतरवावे आणि तसा ठराव प्रत्येक ग्रामसभेने आपल्या गावापुरता करावा. कोणाच्या श्रद्धेला, विधीला किंवा प्रवचनाला माझा विरोध नाही. पिंड ठेवावा की नाही, मुंडण करावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. ज्या भागाला शास्त्राचा आधार नाही, रूढीचाही जुना आधार नाही आणि जो केवळ ध्वनिक्षेपक हाताशी आहे म्हणून वाढत गेला, तेवढ्यापुरतेच मी बोलत आहे.

सकाळी साडेसात-आठच्या सुमारास घाटावर माणसे जमू लागतात. पायऱ्यांवर एकीकडे मुले आणि भाऊबंद मुंडणाला बसलेले असतात, गुरुजी विधी सांगत असतात आणि दुसरीकडे पत्र्याच्या शेडमध्ये प्रवचन सुरू असते. प्रवचन संपत आले की पांढऱ्या कपड्यांतली मंडळी पुढच्या रांगेत येऊन बसतात आणि सूत्रसंचालक हातात कागद घेऊन उभा राहतो. मग पंचायत समिती, जिल्हा परिषद, साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती, सोसायटी, पतसंस्था अशा क्रमाने नावे पुकारली जातात. ज्यांना बोलायला मिळत नाही त्यांची नावे तरी वाचली गेली पाहिजेत, कारण एखादे नाव राहिले तर त्याचा राग पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकतो. तासभर हे चालते. तोवर ज्यांच्या घरातले माणूस गेले आहे, ती माणसे ओल्या पंचानिशी, नुकत्याच केलेल्या डोक्यानिशी खाली बसून ऐकत असतात. कावळा शिवला का, याची चौकशी कोणीतरी हळूच करतो. बायका तर शेडच्या मागच्या बाजूला असतात. त्यांना काय बोलले जात आहे ते नीट ऐकूही येत नाही, आणि गेलेल्या माणसाला सर्वांत जास्त ओळखणाऱ्या बहुधा त्याच असतात.

भाषणांचा मजकूर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कधीही भरून न येणारी हानी झालेली असते, प्रत्येक मयत मनमिळाऊ असतो, वक्ता आणि त्याचा परिवार दुःखात सहभागी असतो. उतरताना शेजारच्याच्या कानाशी लागून मयताचे नाव विचारून घेतलेला वक्ता मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे. हे तीन वाक्यांत संपले असते तर या पत्राची गरज पडली नसती. परंतु तिसऱ्या वाक्यानंतर वक्ता समोरच्या गर्दीकडे पाहतो, आणि त्याला ती सभा दिसू लागते. याच घाटाला, याच शेडला निधी कोणी आणला, ते निघते. बंधाऱ्याचे पाणी कधी सुटणार आणि कोणामुळे अडले, ते निघते. विरोधी गटाचा माणूस त्याच रांगेत बसलेला असला तर त्याला उत्तर द्यावेच लागते. मयत एव्हाना फोटोपुरता उरलेला असतो.

माननीय आमदार महोदय, आपण ज्या सभागृहाचे सदस्य आहात तेथे दिवंगत सदस्यांविषयीचा शोकप्रस्ताव कसा मांडला जातो, हे आपणास मी सांगण्याची गरज नाही. गेलेल्या व्यक्तीचा जन्म, शिक्षण, कार्य यांची टिपणे आधी तयार केलेली असतात, बोलणाऱ्यांनी त्या व्यक्तीसोबत काम केलेले असते, त्या प्रस्तावाला कोणी राजकीय उत्तर देत नाही आणि शेवटी सारे सभागृह उभे राहून स्तब्ध राहते. ही मर्यादा आपणास पाळता येते. मग मुंबईत आणि नागपुरात पाळली जाणारी मर्यादा आमच्या घाटावर आल्यावर का सुटते, एवढेच मला विचारायचे आहे.

याहून अधिक खटकणारी गोष्ट निराळी आहे. दहाव्याला किती वक्ते आले, कोणत्या पातळीवरचे आले आणि किती गाड्या लागल्या, यावर मयताची किंमत ठरू लागली आहे. बागायतदाराचा दहावा दहा वाजेपर्यंत चालतो, आणि त्याच घाटावर दुसऱ्या आठवड्यात ऊसतोड मजुराच्या बापाचा विधी अर्ध्या तासात आटोपतो, तेव्हा सूत्रसंचालकही नसतो. त्या घरच्या मुलांना आपल्या बापाचा काही अपमान झाला असे वाटण्याचे कारण नव्हते. आम्ही भाषणांना मान समजू लागलो म्हणून भाषण न होणे हा अपमान ठरला. मग ऐपत नसलेले घरही मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि नामवंत महाराज यांची तजवीज करते, त्यासाठी उचल घेते. सोयऱ्यांनी आणलेल्या टोप्या, टॉवेल आणि साड्या यांचा जो ढीग दुखवटा म्हणून पडतो, तो कोणाच्याही उपयोगाचा नसतो; तोच टॉवेल पुढच्या दहाव्याला दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. मरणानिमित्त होणाऱ्या खर्चापायी आणि कर्जापायी गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांना किती खडसावले, ते आपल्या भागातल्या कीर्तनकारांना मी सांगावे असे नाही.

यावर कोणी म्हणेल की जुने दिवस चांगले होते, जुने आणा. मी तसे म्हणणार नाही, कारण जुने सगळे चांगले नव्हते. मरणाचा सांगावा गावोगाव पोचवण्याचे आणि सरणाला लाकडे वाहण्याचे काम महार समाजावर वतनाच्या नावाखाली लादलेले होते, उन्हातान्हात मैलोगणती चालत जाऊन, दारापासून लांब उभे राहून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वतनाविरुद्ध अनेक वर्षे झगडा दिला आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. स्मशाने जातवार वेगळी होती, आणि पुष्कळ ठिकाणी ती आजही वेगळीच आहेत. त्यांतल्या काहींना ना रस्ता आहे ना पत्रा, पावसाळ्यात सरणावर प्लास्टिक धरून उभे राहावे लागते. नवऱ्याच्या प्रेताशेजारी बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, हाही मयताला दिलेला मानच समजला जात होता. म्हणजे मृताला मान देण्याच्या रीती कोणाच्या पाठीवर उभ्या आहेत, हे प्रत्येक पिढीने तपासून पाहिले पाहिजे, आणि वेळोवेळी कोणी ना कोणी ते पाहिलेही आहे.

विधवांच्या बाबतीत ते एका ग्रामसभेने पाहिले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले. ठरावाने रूढी एका रात्रीत जात नाही, हे मलाही कळते. पण ठरावामुळे एक गोष्ट होते: ज्या घराला ती रूढी पाळायची नसते, त्या घराला भाऊबंदांपुढे उभे राहण्यासाठी गावाचा आधार मिळतो. दहाव्याच्या भाषणांबाबतही नेमकी हीच अडचण आहे. ती नकोत असे वाटणारी पुष्कळ घरे आहेत. पण दारात आलेल्या पुढाऱ्याला बोलू नका असे सांगणारे पहिले घर होण्याची कोणाची तयारी नाही. वडील जाऊन नऊ दिवस झालेल्या मुलाने ते सांगावे, अशी अपेक्षा तरी कशी करायची? ते गावाने सांगायचे असते.

जुन्यातले जे टिकवण्याजोगे होते, ते बहुतेक न बोलता होत असे. गावात मढे असेपर्यंत शेजारची चूल पेटत नसे. तिरडी पेठेतून निघाली की दुकानदार फळ्या ओढून घेत, चहाच्या टपरीवरची माणसे उठून उभी राहत, डोक्यावरची टोपी हातात येई, सायकलवरचा माणूस खाली उतरे. मयत कोणाचे आहे, हे विचारण्याआधी हे सारे होऊन जाई. जनाजा निघाला तर हिंदू शेजारीही चार पावले खांदा देत आणि कबर खणायला लागणाऱ्या हातांत गावातले इतर हातही असत. सुतकाच्या घरी भाकरी-पिठले शेजारून येई, आणि नेऊन देणारी बाई उंबऱ्यापाशी टोपले ठेवून बहुतेक वेळा काही न बोलताच परत फिरे. आज शववाहिका वेगाने निघून जाते, मागच्या मोटारसायकली तिला गाठण्याच्या घाईत असतात आणि रस्त्यावरच्या माणसाला थांबायला अवसरच मिळत नाही. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. स्मशान लांब गेले, माणसे कमी झाली, रस्ते वाढले. पण थांबण्याची रीत गेली, तिची जागा बोलण्याने घेतली, आणि ही अदलाबदल करायची असे कोणीही कधी ठरवले नव्हते.

सरकारी पातळीवर स्तब्धतेची आज्ञा अजून कागदावर आहे. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता देशभर दोन मिनिटे स्तब्ध राहायचे असते, जेथे भोंगा असेल तेथे तो १०.५९ ला वाजवायचा असतो. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी त्या दोन मिनिटांत किती माणसे थांबतात, हे पुढच्या ३० जानेवारीला बसस्थानकावर उभे राहून पाहावे.

कोविडच्या काळाची आठवण येथे करावी लागते. २४ मार्च २०२० च्या केंद्र सरकारच्या आदेशाने अंत्यविधीला वीसपेक्षा अधिक माणसांना मनाई झाली. पुढच्या दोन वर्षांत कितीतरी दहावे पाच-सात माणसांत झाले, कितीतरी झालेच नाहीत. त्या दुःखाला तोड नव्हती आणि तसे दिवस कोणावर पुन्हा येऊ नयेत. मात्र त्या काळात ज्यांच्या घरी मरण झाले, त्यांना भाषणे झाली नाहीत याची खंत असल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही. खांदा देता आला नाही, तोंड पाहता आले नाही, भाकरी घेऊन कोणी येऊ शकले नाही, हीच खंत सगळे सांगतात. निर्बंध उठल्याबरोबर आपण मात्र आधी ध्वनिक्षेपक परत आणला.

फ्लेक्सविषयी थोडक्यात लिहितो. वेशीवर, चौकात, घाटाच्या वळणावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फलक लागतात, त्यांत मयताच्या छायाचित्राभोवती शोकाकुल म्हणून दहा-बारा हसरे चेहरे असतात, कारण तेच चेहरे वाढदिवसाच्या फलकासाठी छपाईवाल्याकडे आधीपासून ठेवलेले असतात. परवानगीवाचून लावलेले फलक हटवण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार दिले आहेत, मालमत्तेच्या विरूपणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे, आणि तरीही श्रद्धांजलीच्या फलकाला हात लावायला ग्रामपंचायतीचा शिपाई धजत नाही. महिन्याभराने तो फलक कोणीतरी उतरवून नेतो. आमच्या भागात त्याचे पुढे काय होते, ते सगळ्यांना माहीत आहे: कांद्याच्या ढिगावर, कडब्याच्या गंजीवर किंवा गोठ्याच्या छपराला तो बांधला जातो. ज्याच्या मानासाठी फलक छापला, त्याचा चेहरा पावसात गोठ्यावर फडफडत राहतो. घरच्यांना येता-जाता तो दिसत असतो.

आणखी एक तुलना मनात येते. आपल्या भागात जवानाचे पार्थिव गावी येते, तेव्हा सैन्याची तुकडी जे करते ते काही मिनिटांचे असते. पुष्पचक्र वाहिले जाते, बिगूल वाजतो, बंदुकीच्या फैरी झडतात, शवपेटीवरचा तिरंगा अग्नी देण्याआधी काढून घडी करून घरच्यांच्या हाती दिला जातो. ध्वज चितेवर जाळायचा नाही, हा ध्वजसंहितेचाच नियम आहे. या सगळ्यात तुकडीतला कोणीही भाषण करत नाही. ज्यांनी मयतासोबत बर्फात रात्री काढल्या, ते गप्प असतात, आणि मग ज्यांनी त्याला कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्या हाती ध्वनिक्षेपक जातो. गर्दी कशाने हेलावते, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने अनुभवलेले आहे.

आता लोकप्रतिनिधींची बाजू. ते म्हणतात की लोकच आम्हाला बोलावतात, न गेलो तर नाराज होतात, दिवसाला चार-चार दहावे करावे लागतात. हे खोटे नाही, आणि त्यांच्यातल्या कित्येकांना या रगाड्याचा कंटाळा आलेला आहे, हेही मला ठाऊक आहे. गरीब घराला मोठा माणूस दारी आल्याने धीर वाटतो, ही गोष्टही मी नाकारत नाही. त्यांनी जरूर यावे. सतरंजीवर इतरांच्या रांगेत बसावे, घरच्यांच्या खांद्यावर हात ठेवावा आणि निघावे. यायला मनाई नाही, बोलायला असावी. प्रवचनकार महाराजांनाही विनंती आहे की त्यांनी अर्ध्या तासात थांबावे आणि प्रवचनात उपस्थित मान्यवरांची नावे घेऊ नयेत. वारकरी परंपरेत भेटणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या पाया पडतो, तेथे पहिली रांग आणि मागची रांग कोठून आली?

ग्रामसभेच्या ठरावात काय असावे, याविषयी माझी सूचना अशी आहे की घाटावर व्यासपीठ आणि राखीव खुर्च्या नसाव्यात, श्रद्धांजलीची भाषणे आणि नामवाचन होऊ नये, आणि घरच्यांची इच्छा असेल तर मयताला जवळून ओळखणाऱ्या एकाच व्यक्तीने, लेकीने, सुनेने, शेजाऱ्याने किंवा बांधावरच्या सोबत्याने, पाच-दहा मिनिटे त्याच्याविषयी सांगावे. त्याने कोणती विहीर खोदली, कोणाला अडीअडचणीला बी-बियाणे दिले, कोणावर रागावून किती वर्षे बोलला नाही, हे ऐकण्यासारखे असते. त्यानंतर सर्वांनी उभे राहून स्तब्ध राहावे. फलकाऐवजी ग्रामपंचायतीच्या दारात एक फळा असावा, त्यावर नाव, वय आणि दहाव्याची वेळ खडूने लिहावी, सर्वांची सारख्याच अक्षरांत. निरोप तर आता व्हॉट्सअॅपवरून घटकेत सगळीकडे जातो.

आणि लोकप्रतिनिधींना, पंचायतीला खरोखर काही करायचे असेल तर काम भरपूर आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. जमिनीवर वारसांची नावे लागण्यासाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवावे लागते. दारिद्र्यरेषेखालील घरातली १८ ते ५९ वयाची कमावती व्यक्ती गेली तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात. विधवेला संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो. या प्रत्येक कागदासाठी त्या घरातली बाई तालुक्याला खेपा घालते, रोज बुडवते, आणि पुष्कळदा मुदत टळून गेल्यावर तिला योजनेचे नाव कळते. दहाव्याच्या दिवशी भाषण करण्याऐवजी ग्रामपंचायतीने मृत्यूचा दाखला घरपोच दिला, तलाठ्याने वारसनोंदीचा अर्ज घरी बसून भरून घेतला आणि सदस्यांपैकी एकाने त्याचा पाठपुरावा केला, तर घाटावर आलेल्या कोणत्याही गाडीपेक्षा त्या घराला त्याचे मोल अधिक वाटेल. यासाठी नवा निधी लागत नाही, शासनाचा नवा निर्णयही लागत नाही.

रीत बदलता येते का, अशी शंका असेल त्यांनी ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी पाहून यावे. महापरिनिर्वाण दिनी तेथे लाखो माणसे रांगेत शांतपणे उभी राहतात, शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने लागतात, आणि गेल्या दशकात तरुणांनीच पुढाकार घेऊन हार-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याचे आवाहन केले, ते गावोगाव पोचले. ही सूचना वरून आलेली नव्हती, अनुयायांनीच आपल्या रीतीत आपण बदल केला. दहाव्याच्या टोपी-टॉवेलाऐवजी शाळेला, वाचनालयाला देणगी द्यावी, असे काही गावांत सुरू झाले आहे आणि ते चांगलेच आहे. फक्त त्या देणग्यांची घोषणा ध्वनिक्षेपकावरून करू नये, नाहीतर रकमेच्या चढाओढीने तोच खेळ नव्याने सुरू होईल. पावती घरी द्यावी आणि वर्षाच्या जमाखर्चात नोंद करावी.

कायद्याप्रमाणे वर्षातून चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, त्याआधी महिलांच्या सभेत तो मांडावा आणि शेडच्या मागे बसणाऱ्यांचे म्हणणे आधी नोंदवून घ्यावे, ही सरपंचांना विनंती आहे. आमदार, खासदार आणि जिल्हा परिषद सदस्यांनी ठरावाची वाट न पाहता, यापुढे मी दहाव्याला येईन पण बोलणार नाही, असे एका जाहीर पत्राने कळवावे. पहिले पत्र ज्या पक्षाच्या प्रतिनिधीकडून येईल, त्याला दुसऱ्या पक्षाने त्याच आठवड्यात साथ द्यावी. म्हणजे गावोगावच्या कार्यकर्त्यांना आपला नेता मागे पडल्याची काळजी राहणार नाही.

आपला विश्वासू,
घोड नदीकाठचा एक ग्रामस्थ